गुलाबी थेंब

चार मिनिटं.
पांढरी काचफरशी दोन्ही हातांत धरून
डोलवत राहायची, धान्य पाखडल्यासारखी,
पण दाणा न उडवता.
तिच्यावर मेंढीच्या रक्तातल्या पाण्याचा थेंब,
त्याच्या अंगाला अंग लावून रंगाचा गुलाबी थेंब,
दोघांना काडीने एकजीव केलेलं.

थेंब नितळ राहिला तर मेंढी निरोगी.
कणी धरली,
दूध नासताना धरतं तशी,
तर तंबूबाहेर जाऊन सातिबाल्दीला मला सांगावं लागतं.

अत-बाशीच्या वरच्या कुरणावर जूनमध्येही
बादलीतल्या पाण्यावर सकाळी पापुद्रा असतो.
गारठ्यात रंग आळशी होतो, खोटं बोलतो.
म्हणून बाटली मी अर्धा तास काखेत धरून बसले.
पुस्तकात काखेचा उल्लेख नाही.

मार्चात त्याच्या अकरा मेंढ्या गाभडल्या.
बर्फ उशिरा वितळलं म्हणून, असं सातिबाल्दी म्हणाला.
कोल्ह्याने हूल दिली म्हणून, असं शेजारी.
म्हातारी कालिचा काहीच म्हणाली नाही,
फक्त सुनेकडे पाहिलं.

सून अनारबुबू.
तिने उघड्या हातांनी ओढून काढली होती
ती केस न फुटलेली पिल्लं,
न पडलेली वारसुद्धा,
आणि हात बर्फाने धुतले होते.
आता संध्याकाळ झाली की तिला ताप चढतो,
पहाटे उतरतो, गोधडी पिळून काढावी लागते.
गावातल्या दवाखान्याने सर्दीच्या गोळ्या दिल्या.
मी मेंढ्यांची डॉक्टर.
तरी विचारलं, कंबर धरते का?
ती हसली. कंबर कोणाची धरत नाही इथे?
मी चिठ्ठी लिहिली: हिचंही रक्त तपासा.
खाली दोनदा रेघ ओढली.

बेचाळीस नळ्या.
नंबर मी वाचायचे, निकाल बेकतुरने लिहायचा,
शाळेच्या वहीत, गणिताच्या पानांमागे.
नितळ. नितळ. नितळ. कणी.
नितळ.
एकोणिसाव्या थेंबाला तिसऱ्याच मिनिटाला
वाळू सांडावी तसं झालं.
मी मान वर करेपर्यंत
पोराने लिहून टाकलं होतं, नितळ.

फाटक्या कानाची, ओढ्यात आधी पाय घालणारी.
तिच्यामागे बाकीच्या उतरतात.
हिवाळ्यात आई मेली तेव्हा
त्यानेच बाटलीने वाढवली होती.

मी ओरडले नाही. नवी काडी घेतली,
नवा थेंब, पुन्हा चार मिनिटं,
घड्याळ त्याच्या हातात दिलं.
त्या चार मिनिटांत बाहेर कोणीतरी
घोड्याला शिव्या घालत होतं,
आणि माझं मनगट दुखायला लागलं,
जुनं दुखणं, नोकरीच्या पहिल्या वर्षी लागलेलं,
हातमोजे पुरवून पुरवून वापरायचे तेव्हाचं.
वेळ झाली, असं तोच म्हणाला.
खोडरबर नव्हतं. थुंकी लावून
अंगठ्याने घासलं त्याने ते अक्षर,
कागदाला भोक पडेपर्यंत.
मग भोकाशेजारी लिहिलं.

पाच मेंढ्या गेल्या. पैसे अर्धेच मिळाले,
तेही उशिरा. सातिबाल्दी मला अजून
पहिला चहा देत नाही, दुसरा देतो.

सप्टेंबरात, कळपात मेंढा सोडण्याआधी,
मी लसीची बाटली बर्फाच्या डब्यात घेऊन परतले.
इथेही एकच थेंब, पण डोळ्यात.
बेकतुर मुंडकी धरत होता गुडघ्यांत दाबून,
मोठ्या माणसाचे हातमोजे घालून,
बोटांची टोकं लोंबत होती.
थेंब पडला की मेंढी डोळा मिटते, उघडते,
आणि काहीच घडलं नाही अशी चरायला जाते.
ओढ्याशी मात्र त्या सगळ्या थांबल्या.
कोणी आधी पाय घालेना.
पोराने बूट काढले.

अनारबुबूच्या गोळ्या संपत आल्या होत्या.
गोधडी दोरीवर, कोरडी.
आत कालिचा चुलीपाशी, दुधावरचं झाकण उचलत.
आली का उकळी?
आणखी येऊ दे, आजी.
उकळून चव मरते, ती पुटपुटली,
आणि माझ्यासमोर तरी
उतू जाईपर्यंत ठेवलं.
मी टेकडीपलीकडे गेले की
कच्चंच पिते ती, मला ठाऊक आहे.
पुढच्या खेपेला तिच्यासाठी झाकण नको,
साखर न्यावी म्हणते.