मोड

भांडी बाजारात आमच्या दुकानाबाहेर पाटी आहे :
जुनी मोड योग्य भावात घेतली जाईल.
तांब्याची वेगळी, पितळेची वेगळी,
डाग नि बुडाची राख वजा.
काट्यावर मी बसते. सव्वीस वर्षं.
हंडा उलटा करून बुडावर टिचकी मारायची,
आवाजावरून कळतं कुठे चीर गेलीय.

माझी चीर मला कळली आंघोळीच्या वेळी,
मार्गशीर्षातल्या गुरुवारी, घट मांडायच्या आधी.
हाताला काहीतरी लागलं.
मऊ. उकडलेल्या अंड्याएवढं. माझंच.
मी हात धुतला आणि नारळ सोलला.

सासूबाई एखादीबद्दल म्हणायच्या, आवाज उतरवून,
"तिचं अंग बाहेर येतं."
मी नवी होते तेव्हा. मला वाटायचं
कुठेतरी दाराबाहेर उभी राहत असेल ती,
वाऱ्याला.

मग अंगावर काढलं. चार वर्षं.
सकाळी बरं असायचं,
दुपारनंतर खालून ओढ,
जसं कुणी पदर धरून बसलंय नि सोडत नाही.
शिंक आली की गिऱ्हाइकाकडे पाठ.
हंडे उचलणं सुटलं नाही.
कुणी विचारलंच तर : गुडघे.
गुडघ्यांना आमच्याकडे मान आहे,
गुडघ्यांबद्दल लग्नाच्या पंगतीतही बोलता येतं.

शेवटी तेजलने, माझ्या सुनेने,
न्हाणीघरातले धुतलेले फडके मोजले असावेत.
विचारलं काही नाही, नाव नोंदवून आली.
गंगापूर रोड, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
पगार डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काट्यावर उभ्या राहा.
मी चपला काढल्या, शाल काढली,
बांगड्या काढायला लागले तेव्हा त्या हसल्या.
एक्क्याऐंशी.
म्हणजे दहा हंडे, नि वर एक बंब.
आयुष्यभर दुसऱ्यांचं तोललं,
हा आकडा कुणी पाटीवर लिहिला नव्हता.

"खाली स्नायूंची झोळी असते," त्या म्हणाल्या,
"तीन बाळंतपणं, त्यात थोरला चार किलोचा,
त्यावर हंडे, त्यावर हे पोट.
दिवसभर वरून दाब."
"वजन उतरलं की जाईल परत जागेवर?"
"नाही. खोटं कशाला सांगू?
पण ओढ कमी होईल. शिंक हलकी होईल."

मग एक रिंग बसवली आत.
घरी येताना रिक्षात मला शब्द सापडला :
चुंबळ.
डोक्यावर घागरीखाली असते तशी.
इतकी वर्षं वरच ठेवत आलो आपण.

भात कमी, शेव-चिवडा बंद,
आणि कागदावर लिहून दिलं : मोड रोज एक वाटी.
मटकीची हो, मटकीची!
पण मी जिन्यात बसून इतकी हसले
की रिंग राहते की नाही याचीच भीती.

आता काट्यावर बसल्या बसल्या करते मी.
आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
गिऱ्हाईक भाव करतं, मी सातवर असते.
लोकांना वाटतं बाई भावात पक्की, तोंडच उघडत नाही.
सहा महिन्यांत चार किलो उतरलं. फार नाही.
डोळे मिटून मी चार किलोची कळशी उचलून पाहिली
आणि खाली ठेवली.

परवा मखमलाबादच्या इंदुबाई थेटे आल्या
आईचा हंडा मोडीत द्यायला.
स्टुलाच्या कडेवर टेकल्या, अर्ध्याच,
एका बाजूला भार देऊन.
ते बसणं मी ओळखते.
नवरा बाहेर दहीपुलाकडे तोंड करून फोनवर.
मी हळूच म्हटलं, "दुपारनंतर जास्त होतं का?"
त्यांनी आधी बाहेर बघितलं. मग,
"गुडघे."
"हो," म्हटलं, "माझेही गुडघेच होते."

सहा किलो चारशे. डाग धरला नाही.
पावतीच्या मागे नंबर लिहून दिला.
पैसे त्यांनी मोजलेच नाहीत,
पावती मात्र
दोनदा उलटून पाहिली.