फोनातली नावं

माझ्या फोनात आडनावं अशी नाहीतच.
पेखळेकाका स्कोअर.
निरभवणे मॅडम कबड्डी पंच.
तांबोळी लांब लेन्स.
भाबड पेठ एसटी.
आणि एक नुसतंच, गोल्फ क्लब चहा.
त्याचं नाव आठ वर्षांत विचारलं नाही मी,
त्यानं माझं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

तो पहिला दिवस.
महात्मानगरला मंडपातली खुर्ची धरून,
गळ्यातलं ओळखपत्र सगळ्यांना दिसेल असं घेऊन
मी बसले होते.
काका म्हणाले, इथून नुसत्या धावा दिसतील.
इकडे या, माझ्या बाकावर. ऊन आहे, पण या.

नोटप्रेसमध्ये चौतीस वर्षं मोजणी केलेला माणूस.
दुसऱ्यांचे पैसे मोजून झाले,
आता दुसऱ्यांचे चेंडू मोजतो, म्हणायचे.
डावखुऱ्यांना हिरवी शाई, बाकी निळी,
आणि समासात मधूनच एक बारीक टिंब.
ते काय, विचारलं तर म्हणाले,
सुटलेला झेल.
स्कोअरला लागत नाही तो. मला लागतो.

मग बाकांवर बाक बदलत गेले.
तांबोळी म्हणाला, गोल झाल्यावर गोलकीपरकडे बघ,
बाकीचे सगळे तिकडे बघतायतच.
निरभवणे मॅडमनी आडगावच्या मॅटवर
घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता
बोनस रेषा समजावली,
आणि बातमीत ‘लढत रंगली’ पुन्हा लिहिलंस
तर फोन उचलणार नाही, असंही सांगितलं.

मी लिहिलं नाही.
पण मनकर्णा भोये दहा किलोमीटर जिंकली
त्या संध्याकाळी
मी छापून आणलं, मोनिका.

कोणी रागावलं नाही.
कोणी फोनच केला नाही.
अकरा दिवस.
भोसलाच्या ट्रॅकवरून, मीनाताईतून, धरणावरच्या बोटक्लबातून
एकाचाही नाही.
बाराव्या दिवशी मॅडम:
अगं, पोरीचं नाव चुकलं की तिचं घर चुकतं. जाऊन ये.

भाबडांनी पुढची सीट धरून ठेवली होती.
सावळघाटात रेंज गेली,
आणि पेठच्या पुढे उतरल्यावर
शाळेच्या भिंतीपासून तिच्या दारापर्यंत
एक पोरगा पुढे पळत राहिला, मागे बघत, मी येतेय का.

मनकर्णा सरावाला गेली होती.
आईनं पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं.
आतून माझी बातमी चिकटवलेली,
मोनिकावर बॉलपेनची आडवी रेघ,
वर मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरात मनकर्णा.
मी पिशवीतून दुरुस्तीचं कात्रण काढेपर्यंत
त्या म्हणाल्या,
झालंय दुरुस्त. नागलीची भाकर आहे, खाऊन जा.

परवा देवळालीचा एक मुलगा आला.
नवा. बूट फार स्वच्छ.
मॅडम, या फील्डमध्ये नेटवर्क कसं बनवायचं?
मला सावळघाट आठवला, हसू आलं,
त्याला वाटलं मी त्याला हसले.
चहावाल्याकडे नेलं त्याला.
आधी ह्यांचं नाव विचार, म्हटलं,
मलाही सांग.

रात्री एका जुन्या अंतिम सामन्याचा आकडा अडला.
सवयीनं नंबर लावला,
वाजायला लागल्यावर आठवलं
की काकांना जाऊन दीड वर्ष झालं.
मुलीनं उचलला.
थांबा, वह्या माळ्यावर आहेत, म्हणाली,
आणि स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

तिनं षटकामागून षटक वाचलं.
कुठे हिरवी शाई आहे तेही, न विचारता.
एकतीसाव्याला थांबली.
इथे समासात टिंब आहे एक. डाग आहे का?
नाही, म्हटलं. सुटलेला झेल.

कोणाच्या हातून?
मी तिला पान नीट बघायला सांगितलं,
मागचं, पुढचं, वहीचं शेवटचंही.
बराच वेळ कागदच वाजत होते.
नाही हो, म्हणाली,
बाबांनी कुठेच लिहिलेलं नाही.