कशाबद्दल

खाणी चालू होत्या तेव्हा मी बार्जांवर नावं लिहायचो,
हातभर अक्षरं, पांढऱ्या ऑइलपेंटने,
मांडवीच्या पलीकडून वाचता यावीत अशी.
आता वर्षातून एकदा
डिचोलीच्या बाजारात, सोसायटीच्या वरच्या मजल्यावर
जी शाळा आहे, तिची प्रमाणपत्रं लिहितो.
अठरा मुलं, पाच बायका, एक ड्रायव्हर.
पैसे घेत नाही. चहा घेतो.

छापील मजकूर ठरलेला:
अमुक अमुक यांना
अमक्याबद्दल गौरवण्यात येत आहे.
'अमक्या'च्या जागी रेघ, चार बोटांची.
पहिल्या वर्षी मी 'उल्लेखनीय कामगिरी' लिहीत सुटलो,
चोवीस वेळा, एकाच वळणाची.
सुकांतीबाईंनी गठ्ठा चाळला.
म्हणाल्या, पेंटरमामा,
सगळ्या बार्जांना एकच नाव द्यायचात का तुम्ही?

आणि यादी दिली, वहीच्या पानावर, पेन्सिलीने.

वेदांग माजिक: शर्टाचं वरचं बटण. चौदा महिने.
शेरील: मिक्सर सुरू झाला की किंचाळायची.
आता उठते, दार लोटते, परत येऊन बसते.
इरफान बेपारी: सात आणि आठ वेगळे आहेत हे कबूल केलं,
रागाने, पण केलं.
तुळशीदास, बसचा ड्रायव्हर: मये तळ्याच्या वळणावर
रोज दोन मिनिटं थांबतो,
कारण एकाला बगळे मोजायचे असतात.
मुक्ता च्यारी: 'नको' म्हणाली.

नको म्हटल्याचं प्रमाणपत्र? मी विचारलं.
बाई म्हणाल्या, अकरा वर्षं
जे भरवलं ते तिने गिळलं,
जे घातलं ते अंगावर वागवलं,
जिथे ठेवलं तिथे बसली.
त्या दिवशी ताटली सरकवली आणि बोलली.
शिरा होता. मीच केला होता.
आणि हसल्या.

रेघ पुरेना. मी रेघेखाली उतरलो, समासात शिरलो,
हातभर अक्षरांचा माणूस
तांदळाएवढं लिहू लागलो.

एकच रेघ रिकामी राहिली.
पियेदाद कुतिन्हो, मदतनीस, एकवीस वर्षं.
यादीत तिच्यापुढे बाईंनी लिहिलेलं: तिलाच विचारा.
विचारलं, तर म्हणाली,
कशाबद्दल म्हणजे? पगार मिळतो मरे!

यंदा नगरपालिकेच्या हॉलमध्ये समारंभ.
पाहुण्यांना माइक सापडला तो सुटेना.
तिचं नाव पुकारलं तेव्हा
पियेदाद मागच्या न्हाणीत
एका मुलाची चड्डी बदलत होती.
कुणाची ते लिहीत नाही.
तिनेही आजवर सांगितलेलं नाही.
शाल हातात धरून पाहुणे उभे.
पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं.
शेवटी शाल खुर्चीवर पांघरली,
फोटोग्राफरने खुर्चीचा फोटो काढला,
आणि राष्ट्रगीत झालं.

ती आली तेव्हा लोक वडे खात होते.
मी प्रमाणपत्र पुढे केलं.
हात ओले आहेत रे पेंटर, म्हणाली,
शाई पसरेल. तूच धर.

अजून माझ्याकडेच आहे.
खिळ्याला लावलंय, दिव्याखाली.
टाक बुडवतो, वर धरतो, निब वाळते.
चार बोटांत मावेल असं काही सुचत नाही,
आणि बार्ज तर आता
कुणी रंगवायला देत नाही.

काल शाळेत गेलो होतो, चहाला.
मुक्ता खिडकीपाशी.
मी बशीतलं बिस्किट तिच्यापुढे केलं.
तिने बिस्किटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
बराच वेळ घेतला, आणि म्हणाली,
नको.

मी बशी मागे घेतली.