पावणेचार

सिनेमाचं नाव 'पाताळातला पोस्टमन'.
लागला तेव्हा साडेतीन दिवस चालला;
चौथ्या दिवशी दुपारनंतर, म्हणतात,
मॅनेजर भाड्यासाठी निर्मात्याच्या मागे धावत होता.
आता दर वर्षी, मांडव उतरले की,
आम्ही नारायण पेठेतल्या एका हॉलात जमतो.
सतरंज्या आपापल्या, चिवडा आपापला,
आवाज मात्र एकच.

पाताळ म्हणजे लकडी पुलाखालचं नदीपात्र,
हे पहिल्या मिनिटालाच कळतं,
कारण लाल धुरामागून एक म्हैस
कुणाची परवानगी न घेता निघून जाते.
आम्ही उभे राहून तिला नमस्कार करतो.
पोस्टमनची सायकल घरून निघते हिरवी,
वळणावर काळी,
यमाच्या दारात पोचते ती चक्क लेडीज.
सांगाडा कुठल्याशा कॉलेजातून उसना,
बरगडीवर रंगवलेला नंबर : एकशे चौदा.
तो आला की हजेरी होते.
"एकशे चौदा?"
"हजर!"

आणि मग कालकेतू.
पुठ्ठ्याचे दात, सोलापुरी चादरीचा झगा.
हात उगारून गरजतो, "माझी वेळ आली आहे!"
"किती वाजले?" दीडशे माणसं विचारतात.
बाही घसरते. मनगटावर घड्याळ.
"पावणेचार!"
भर दुपारचे.
या वेळी पुण्यात राक्षसाखेरीज जागं कोण असणार?

मी पहिल्यांदा आले त्या आठवड्यात
माझी नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं.
शेजारच्या अनोळखी बाईंनी चिवड्याचा डबा पुढे केला
आणि कानाशी येऊन म्हणाल्या,
"आता घड्याळ बघा हं."
नातवाचा पहिला दात दाखवावा
तसं.

चांगले सिनेमे मीही पाहिलेत.
ते इतके भरलेले असतात
की आपण आपले दाराशी उभे, चपला हातात.
इथं दर दोन मिनिटांला एक भोक
आणि प्रत्येक भोकात आमच्यातला कुणीतरी
वर्षानुवर्षं मुक्कामाला.
हसतो, पण खाली बघून नाही हसत.
त्या चादरीला कुणीतरी झालर शिवलीय.
रात्र जागून शिवली असणार.
मी नीट पाहिलंय, टाका
कुठेही वाकडा नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी प्रद्युम्न ढमढेरेनं
अकरा महिने खपून प्रिंट साफ केली.
ओरखडे गेले, धूर लालभडक झाला,
म्हैस अशी की अंगावरचे केस मोजावेत.
कालकेतूनं हात उगारला.
"माझी वेळ आली आहे!"
"किती वाजले?"
बाही घसरली.
मनगट गुळगुळीत, रिकामं.
प्रद्युम्ननं चूक दुरुस्त केली होती.

हॉलात पंख्याचा आवाज ऐकू आला.
पुढच्या रांगेत कुणाचंतरी बाळ उचकी देत होतं.
मग मागून, भिंतीला टेकलेल्या रांगेतून,
एक घोगरा म्हातारा आवाज,
अगदी शांत, रस्त्यात कुणी वेळ विचारावी
आणि आपण सांगावी तसा :
"पावणेचार."

नंतर जे झालं त्याला आरडाओरडा म्हणतात.
दिवे लागले तेव्हा म्हातारे बरेच होते,
प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.
प्रद्युम्न खाली चहाच्या टपरीवर
दोन कटिंग संपवून तिसऱ्याकडे बघत उभा.
"मला वाटलं, तुम्हांला आवडेल," म्हणाला.
बाईंनी त्यालाही डबा पुढे केला.

यंदा त्यानं घड्याळ परत बसवलं.
जुनं सापडेना, म्हणून स्वतःचं,
फोटो काढून, मेहनतीनं.
त्यात वाजलेत चार वाजून दहा.

तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत.
पावणेचारवाले डावीकडे बसतात,
चार-दहावाले उजवीकडे,
मधल्या वाटेत चपला.
घटनेचा मसुदा तयार होतोय,
पत्रव्यवहार सुरू आहे,
दोन काका एकमेकांशी बोलत नाहीत.

कालकेतू मात्र हात वर करून उभा आहे,
पंचवीस मिनिटं इकडे की तिकडे,
त्याला घाई नाही.
मी मधेच बसते,
चपलांच्या बाजूला,
दोन्ही वेळा ओरडते.