तिसरी गाठ

ब्रदर ऑस्मंड बोलताना अडखळायचा.
म्हणून मठाने त्याला प्रवचनाला कधी उभं केलं नाही,
दारोदार भिक्षेला धाडलं.
हेरिंगच्या हंगामात तो आमच्या दोरखान्यात यायचा,
अनवाणी पायांना डांबर फासून घ्यायचा,
आणि त्याचं "दे-दे-देव भलं करो" पुरं होईतो
माझा हॅमो वावभर दोर वळून मोकळा व्हायचा.

कमरेची दोरी आम्हीच द्यायचो त्याला,
दर ईस्टरला एक, फुकट.
तीन व्रतांच्या तीन गाठी तो स्वतः मारायचा.
तिसरी, आज्ञापालनाची, जरा वाकडीच बसायची.

मग राजाचे लोक आले.
आधी मठाच्या घंटेचं वजन केलं,
मग मासळीबाजारात टेबल मांडून
एकेकाला पुढे बोलावलं:
शपथ घ्या, चर्चचा प्रमुख राजाच, पोप नव्हे.
मठाधिपतींनी घेतली. आचाऱ्याने घेतली.
आम्हीही घेतली, रांगेत उभं राहून.
हॅमोला घाई होती, चुलीवर डांबर होतं.

आता गावात सांगतात,
त्या दिवशी ऑस्मंडची जीभ सुटली,
"नाही" असा घंटेसारखा घुमला.
माझा नातूही तसंच सांगतो.
मी त्याला अडवत नाही.

पण मी तीन हातांवर उभी होते.
तो "न" वरच अडकला.
जीभ दातांना चिकटलेली, गळ्याची शीर तट्ट फुगलेली.
कारकून कोवळा पोर, थंडीने नाक लाल.
त्याने लेखणी बुडवली, वाट पाहिली,
मग हळूच म्हणाला,
"बाबा, नुसती मान हलवा. मी हो लिहितो."

धक्क्याला एक होडी लागली,
तिच्यातली मासळी उतरवून झाली,
तरी हा त्या एका अक्षरातच.
सोड रे, मी मनात म्हणत होते, श्वास सोड नुसता,
देव समजून घेईल.

"...ही," तो म्हणाला शेवटी,
इतकं बारीक
की कारकुनाला पुन्हा विचारावं लागलं.
आणि त्याने पुन्हा
पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

फाशीचा दोर शेरीफने आमच्याकडूनच नेला.
चार पेनी, रोख.
हॅमोने ते कित्येक दिवस मोजले नाहीत, मग मोजले.

त्या ईस्टरसाठी वळलेली दोरी
अजून खुंटीवर आहे, बिनगाठीची.
नातू विचारतो, ही कुठल्या होडीची?
आखूड आहे, मी म्हणते,
होडीला पुरायची नाही.