किमान बारा

सूरसागरावरून निघालो तेव्हा
पाण्यातल्या शंकरावरचे दिवे अजून चालू होते
आणि हेरंब म्हणाला, बघ, दहा मिनिटं हातात आहेत.
हा माणूस लग्नातही
भटजींच्या आधी अंतरपाटाशी उभा होता.

मांडवी रिकामी. पाणीगेट रिकामं.
दुधाचे क्रेट उतरवणारा एक पोरगा
आणि त्याच्यावर देखरेख करणारं कुत्रं.
मागच्या सीटवर शाल्मली झोपेतही मान ताठ ठेवून.
महिनाभर ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते,
काल पेन्सिलची रेघ एकशे वीसवर आली,
थोडे केस धरून.

आजवा रोड सरला तेव्हा सव्वासात.
गेट उघडतं दहाला.
चारशे गाड्यांच्या मैदानात आमची एकटी गाडी,
तरी त्याने ती वळवून, तोंड बाहेर करून लावली.
निघताना गर्दी असेल.

बॉनेटवर फडकं टाकून दशम्या खाल्ल्या.
लसणाची चटणी थोडी सांडली, कावळ्याने बघितलं, घेतली नाही.

मग जाळीपलीकडे कुणीतरी खटका दाबला
आणि तो मोठा पाळणा रुळांवर चढू लागला.
डब्यांत माणसं नव्हती.
वाळूची पोती होती, दोन दोन, पट्टे बांधून बसवलेली.
चढावर ती मागे रेलली.
उतारावर सगळी एकदम पुढे वाकली,
बारशाला आलेल्या बायका वाकतात तशी.
उलट्या वळणावर नुसता लोखंडाचा आवाज.
किंकाळी नाही.
एका पोत्याची शिवण उसवली होती,
त्यातून उन्हात वाळूची बारीक धार.

ही रोज येतात का? शाल्मलीने जाळीला नाक लावून विचारलं.
तेलकट हात पुसत जशुभाई म्हणाला,
रोज पहेलां ए ज बेसे, बेटा.

दहाला पहिले तीन आम्ही.
मनगटावर शिक्का, आणि पळत सुटलो,
कुणीही मागे नसताना.
रांगेसाठी बांधलेल्या लोखंडी कठड्यांतून
वीस वेळा वळलो, हेरंबने एकही वळण चुकवलं नाही.
मोजपट्टीखाली शाल्मलीने श्वास धरला.
जशुभाईने वाकून पाहिलं आणि केसांचे पैसे घेतले नाहीत.
मग म्हणाला, ओछामां ओछा बार जण जोईए.

बारा.
वजन नसेल तर गाडी वरच्या वळणापर्यंत जातच नाही.

आम्ही तिघं.
शाल्मली म्हणाली, पोती मोजा ना.
पोती भिंतीशी सावलीत ठेवली होती,
पाळी संपवून आल्यासारखी.

आणि मग हेरंब,
जो पहिल्या पंगतीत जेवून दुसरीच्या आत हात धुतो,
जो नवरात्रात नऊच्या ठोक्याला गरब्यातून परततो,
तो कठड्यावर चढला आणि हात हलवू लागला,
आवो, आवो, अहीं खाली छे!
भाजीवाल्यासारखा.
मी चौदा वर्षांत त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

मेंदीच्या हातांची एक नवरी आली, नवरा मागून.
डभोईची पाच पोरं, एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला.
एक आजोबा, धोतराचा सोगा खिशात खोचून.
अकरा.
मग कुणीच नाही. पावणेअकरा.
हेरंब घड्याळ बघेना, रस्ता बघत राहिला.

शेवटी जशुभाई उठला,
उसवलेलं पोतं खांद्यावर आणून
माझ्या शेजारी बसवलं, पट्टा बांधला.
बाप-लेक पुढच्या डब्यात.

मी ओरडले. सगळेच ओरडले.
वळणावर ते पोतं माझ्या खांद्यावर रेललं,
उन्हाने कोमट,
अगदी ओळखीचं असल्यासारखं,
आणि उतार येईपर्यंत तसंच राहिलं.

खाली उतरलो तेव्हा
कठड्यांमध्ये माणसंच माणसं.
चला चला, हेरंब म्हणाला, पुढच्याला पोचू आधी.
शाल्मली त्याच्या बोटाला.
मी चार पावलं मागे,
ओढणीच्या घडीतून वाळू सांडत होती, सांडू दिली.