कारणाचा रकाना

रात्रीचे दोन चाळीस.
ठाणे अंमलदार मी, म्हणजे टेबल, फोन, स्टेशन डायरी
आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली जानेवारीची थंडी.
पलीकडच्या गल्लीत एक माग अजून चालू आहे.
कुणाची तरी ऑर्डर सकाळी जायची असेल.

कोनापुरे हवालदार आत आले, कैदी पोचवून.
कमरेचं पिस्तूल पाऊचसकट काढलं
आणि टेबलावर ठेवलं,
बाजारातून दमून आलेलं माणूस पिशवी ठेवतं तसं.
"हे जमा करून घ्या की ओ मॅडम.
आज माझ्याजवळ नको."

मी पुढं विचारलं नाही.

आमच्या ठाण्यात चादरी येतात एका कारखान्यातून.
डागी माल. कुठं धागा सुटलेला, कुठं मोराला मानच नाही.
विकला जात नाही म्हणून मालक गठ्ठा पाठवतो.
त्या आम्ही प्रेतांवर घालतो.
चोवीस वर्षं घालून घालून
कोनापुरे घरी चादर पांघरत नाहीत.
सोलापुरात राहून.
बायको आधी हसायची. आता न विचारता स्वेटर काढून ठेवते.

मागच्या मंगळवारी कंबर तलावातून जे पोर काढलं
त्याच्या चड्डीच्या खिशात चिंचोके होते, चार.
"नग लिहू की दाणे?" कोनापुऱ्यांनी विचारलं,
आणि पेन वर धरून बसले.
पंच जांभया द्यायला लागले तरी बसले.
शेवटी मीच म्हटलं, नग लिहा.

शिबिर झालं होतं की, दिवाळीनंतर, मुख्यालयात.
पुण्याच्या बाईंनी सगळ्यांना फुगे वाटले,
राग आत भरा म्हणाल्या.
येमूलचा फुगा फुटला तेव्हा
चौघांचा हात कमरेला गेला.
मग सगळे हसलो. बाई पण हसल्या, उशिरा.
नंतर छापील कागद: झोप लागते का? हो / नाही.
गोळा करायला दारात साहेबांचा रायटर उभा.
एकशे सत्तेचाळीस जणांना गाढ झोप लागते, असं निघालं.
एवढं झोपणारं खातं दुसरं नसेल बे.

तर आता कारणाचा रकाना.
खरं लिहिलं तर उद्या साहेब, परवा सिव्हिलचा बोर्ड,
नंतर कंट्रोल रूमला खुर्ची, भिंतीकडं तोंड करून,
आणि थोरलीच्या सोयरिकीत कुणीतरी हळूच विचारणार,
वडलांचं काहीतरी डोक्याचं होतं म्हणे?
नाही लिहिलं आणि एखाद्या रात्री...
ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

लिहिलं: "दाढ दुखत असल्याने औषध घेतले असून
गुंगी येत आहे. सबब शस्त्र जमा करून घेतले."
वाचून दाखवलं.
"कुठली दाढ ते लिहू नका," कोनापुरे म्हणाले,
"माझ्या ध्यानात राहायचं नाही."

मग बाकावर आडवे झाले, बुटासकट.
थंडी होती. कपाटात गठ्ठा होता.
मी कपाटाच्या कडीपर्यंत गेले आणि परत आले.
माझं जर्किन त्यांच्या अंगावर टाकलं, गुडघ्यापासून छातीपर्यंत.
तोंड उघडं राहील असं.
दर थोड्या वेळानं बघत होते, छाती हलतेय ना.

पाचला माग थांबला, आणि
त्या शांततेनं कोनापुरे दचकून उठले.

नऊला साहेबांनी डायरी ओढली. बोट त्या ओळीवर थांबलं.
"कोनापुरे, दाढ?"
कोनापुऱ्यांनी तोंड उघडलं.
साहेब खुर्चीतून उठून वाकले,
मोबाईलची बॅटरी लावून आत बघत राहिले, बराच वेळ.
"हं," म्हणाले. सही केली.
टोपी घालून दारापर्यंत गेले, आणि तिथूनच,
पाठ न वळवता,
"डॉक्टर कुठला बघताय?
मलापण नंबर पाठवा."